ओळीतली पहिली मुलगी

पखिली शाळेच्या मैदानात शिरली तेव्हा तरुलता चेतियानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "हिला कुणी बोलावलं?"

बोलावलं कुणीच नव्हतं. महिला समितीनं गावात दवंडी दिली होती, की चैताचा महिनाभर रोज दुपारी शाळेच्या मैदानात बिहूची कार्यशाळा होईल, शिकवायला लखिमपूरहून नाचाच्या बाई बीणा बाइदेउ येतील, मुलींनी यावं. समितीची अध्यक्ष तरुलताच. दवंडी देताना डंबरू कोंवरच्या पोरीला वगळून असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण ते म्हणायची गरजच नव्हती. वाळीत टाकलेल्या घराला आपण होऊन कळायला हवं.

डंबरूचं घर वाळीत पडलं त्याला तीन वर्षं झाली होती. तरुलताचा मुलगा दुलू बाजारातून मोटरसायकल उडवत येत होता, तो डंबरूच्या बैलावर जाऊन आदळला. बैल मेला, दुलूचा ओठ फाटला. अशा वेळी आमच्या नहरबारीत नामघरात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, गाव बसतं, दोन्हीकडचं ऐकतं, कुणी चुकलं ते ठरवतं, आणि मग दोघं एकमेकांना तामूल-पान, म्हणजे सुपारी नि पान, देऊन मोकळे होतात. डंबरू नामघराची पायरी चढला नाही. गावचा प्रमुख, गावबुढा म्हणून तिथं निवाडा द्यायला दुलूचा बापच बसणार, हे त्याला दिसत होतं. तो सरळ पोलीस ठाण्यात गेला. दुलूला एक रात्र कोठडीत काढावी लागली आणि सकाळी तो बाहेर आला तेव्हा अख्ख्या बाजारानं त्याला पाहिलं. तरुलताच्या अंगाची लाही लाही झाली ती तेव्हापासून. पुरुष मंडळी दंडावर भागवायला निघाली होती. तिनंच नवऱ्याच्या मागं लागून ते घर वाळीत टाकायला लावलं, आणि वर एक कलम जोडून घेतलं: त्या घराला जो तामूल देईल, त्याचंही घर वाळीत.

आमच्याकडं तामूल पुढं करणं म्हणजे काही खायला देणं नव्हे. पुढं केलं की माणूस आपला, आणि उचललं की आपण त्याचे. त्यामुळं ते कलम भिंतीसारखं उभं राहिलं आणि तीन वर्षांत कुणी ते ओलांडलं नाही.

आणि आता त्या घरातली ही सतरा वर्षांची पोर, जुनी मेखला कमरेभोवती गुंडाळून, केसांचा अंबाडा घालून, शेवटच्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती.

"खुरी, मी ओळीत उभी राहू ना?" तिनं तरुलताला गावच्या नात्यानं काकू म्हणून विचारलं.

तरुलतानं मान दुसरीकडं फिरवली. त्या घराशी बोलायचं नाही हे कलमात नव्हतं, पण तिनं ते स्वतःपुरतं धरलं होतं. तेवढ्यात बीणा बाइदेउ आल्या. ठेंगणी, रुंद बाई, तोंडात सदा तामूल आणि हातात बांबूची टोका, ती तळहातावर खाडकन वाजवली की कावळेसुद्धा उडायचे. त्यांनी कुणाची ओळख वगैरे विचारली नाही.

"एकीच्या कमरेला दुसरीचा हात. चला. लग्नाला नाही आलात, लाजू नका."

ओळ जुळली. फक्त पखिली आणि तिच्या अलीकडची मालोती यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढी जागा उरली. मालोतीनं आपला हात स्वतःच्याच कमरेवर ठेवला होता.

"तिथं दात पडलाय का?" बीणा बाइदेउ म्हणाल्या. "जागा भरा."

मालोतीनं तरुलताकडं पाहिलं. तरुलतानं मान हलवली, नाही म्हणून. मालोती जागची हलली नाही. बीणा बाइदेउंनी हे सगळं पाहिलं, थुंकल्या, आणि पखिलीला हाताला धरून ओळीच्या पहिल्या टोकाला नेऊन उभं केलं.

"तू इथं. पहिलीला कुणाच्या हाताची वाट बघावी लागत नाही."

तरुलताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पहिल्याच दिवशी पाहुणीशी भांडण कसं काढायचं, म्हणून ती बसून राहिली.

तिला ही कार्यशाळा हवी होती, आणि का हवी होती हे गावाला ठाऊक होतं. तिची सून, दुलूची बायको बंदिता गरोदर होती, सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तर पाळणाही घरात आला होता. गेली काही वर्षं गावची हुसरी, बिहूत घरोघरी नाचून आशीर्वाद देणारी ओळ, म्हणजे पोरांचा धांगडधिंगा झाला होता, कुणी ढोल बडवायचा, कुणी मोबाइलवर गाणं लावायचा, अंगणात येऊन दोन उड्या मारल्या की पुढचं घर. असला आशीर्वाद कुठल्या देवाला पोहोचणार? तरुलतानं ठरवलं होतं, की चैतानंतरच्या या बोहागात तिच्या अंगणात हुसरी नाचेल ती जुन्या पद्धतीनं, ओळ न मोडता, आणि बंदिताच्या ओटीला पुरा आशीर्वाद मिळेल. बीणा बाइदेउंना तिनं त्यासाठीच आणलं, स्वतःच्या घरात उतरवलं, स्वतःच्या हातानं जेवू घातलं.

आणि ती बाई डंबरूच्या पोरीला पहिली उभी करत होती.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर तरुलतानं विषय काढला. आंबट मासा वाढला, वर आणखी एक तुकडा वाढला, आणि मग बैल, ठाणं, नामघर सगळं सांगितलं. बीणा बाइदेउंनी काटे काढत काढत ऐकून घेतलं.

"मासा झकास झालाय," त्या म्हणाल्या.

"ते राहू द्या. त्या पोरीचं काय ते सांगा."

"पोरीचं काय? बैल तिचा मेला, वाळीत तीच, आणि नाचतेही तीच चांगली. माझ्या डोक्याला कशाला ताप देता?"

"गावाचा नियम आहे, बाइदेउ."

"तामूल द्यायचं नाही हा नियम ना? मी तिला तामूल देत नाही, शिव्या देते. आणि मैदान शाळेचं आहे, नामघराचं नव्हे."

बंदिता दाराशी बसून हे ऐकत होती. तिला हसू आलं आणि तिनं अंगावरच्या चादरीचा पदर तोंडाला लावला. तरुलतानं ते पाहिलं आणि सुनेचाही राग तिच्या हिशेबात जमा झाला.

मग तिनं दुसरी वाट धरली. ती रोज मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायची आणि बोलायची. पखिलीला उद्देशून नाही, वाऱ्याला उद्देशून. काही लोकांना नाचायला बरं सुचतं, ठाण्यात हजेरी लावायला वेळ पुरत नाही वाटतं. काही लोकांच्या अंगावरची मेखला आजीची आहे, आजीबरोबर का नाही गेली कुणास ठाऊक. मुली खुदकन हसायच्या. मालोती सगळ्यात मोठ्यानं हसायची, कारण पखिली नसती तर पहिली जागा तिची होती. पखिलीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण पाय चुकायचे नाहीत. हेच तरुलताला सहन होत नव्हतं. रडली असती, पळून गेली असती, तर तिला थोडं बरं वाटलं असतं.

एका दुपारी मुलींच्या कमरा काही केल्या वळेनात. बीणा बाइदेउ वैतागल्या.

"कमरा घरी ठेवून आलात काय? उद्या येताना आठवणीनं घेऊन या. आणि तोंडं बघा. बिहू आहे, दातदुखी नव्हे."

तरुलताला राहवलं नाही. "आमच्या वेळी असं नव्हतं," ती म्हणाली.

"मग दाखवा की."

बायकांनी आग्रह धरला. तरुलता उठली. एके काळी या गावात तिच्यासारखं नाचणारी कुणी नव्हती, हे खरंच होतं, आणि ते सगळ्यांनी पुन्हा एकदा पाहावं असं तिला मनापासून वाटलं. पदर खोचून तिनं हात मागं कमरेवर उलटे ठेवले आणि ढोलाच्या पहिल्या ठोक्याला वाकली. गुडघा कुरकुरला. दुसऱ्या ठोक्याला ती वाकलीच नाही, तिसऱ्याला तिला मालोतीचा खांदा धरावा लागला.

"बसा," बीणा बाइदेउ म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात या खेपेला टिंगल नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "वळण चांगलं होतं तुमचं. कळतं. पखिली, तू दाखव. असंच होतं बघा, तुमच्या खुरीचं वळण असंच होतं."

पखिली नाचली. तरुलतानं पाहिलं. बाई खोटं बोलली नव्हती. तिच्या तरुणपणाची कंबर त्या पोरीच्या अंगात होती. सून तशी नव्हती, तरुलताला स्वतःची मुलगी नव्हती, आणि तशी जी होती ती डंबरूची होती. त्या दिवसापासून तिनं पखिलीचा नुसता राग केला नाही, द्वेष केला.

चैत सरत आला तशी तिनं नवऱ्यामार्फत गाव बसवलं. बीणा बाइदेउंनी तिथं येऊन सरळ सांगून टाकलं, की ओळ मोडली तर मी आजच्या बसनं परत जाते, ढोल तुम्हीच बडवा आणि नाचाही तुम्हीच. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. गावबुढा पद्मेश्वर चेतियानं, म्हणजे तरुलताच्या नवऱ्यानं, नेहमीप्रमाणं घसा खाकरला आणि नेहमीप्रमाणं बायकोकडं बघितलं.

तरुलतानं तोडगा तयारच ठेवला होता.

"नाचू दे तिला," ती म्हणाली. "पण घरधनी शराईच्या तबकात तामूल घेऊन ओळीपुढं गुडघे टेकेल, तेव्हा तिनं अंगणात थांबायचं नाही. फाटकाबाहेर जायचं. तामूल उचलून झालं, आशीर्वाद झाला, की पुढच्या घरी परत ओळीत. म्हणजे नियमही राहील आणि ओळही राहील."

सगळ्यांना ते पटलं. घराघरातून तिला सगळ्यांदेखत बाहेर काढलं जाईल, आणि ती आपल्या पायांनी बाहेर जाईल, हे तरुलताला दंडापेक्षा गोड वाटत होतं. बीणा बाइदेउंनी पखिलीला विचारलं.

"चालेल," ती म्हणाली. "मी जाईन बाहेर."

तरुलताला वाटलं, जिंकलं.

गायी-बैलांचा बिहू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हुसरी निघाली. नामघरापुढं नमस्कार करून ढोल, म्हशीच्या शिंगाचा पेपा, टोका, मागं मुलींची ओळ, मुगा रेशमाच्या मेखला, केसांत कोपौ फुलं. ढोलाचा म्होरक्या गावाचा काका तिलेश्वर खुरा होता, सत्तरीचा, दात नसलेला, पण आशीर्वाद द्यायला लागला की त्याचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. एकेक घर होत आलं. प्रत्येक अंगणात पखिली पहिली नाचायची, आणि घरधनी पितळेची शराई घेऊन आला, की कमरेवरचा मालोतीचा हात सोडून ती ताठ मानेनं फाटकाबाहेर जायची. हो, मालोतीचा हात. महिनाभरात कधीतरी ती जागा भरली होती, तरुलताच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

बाहेर उभं राहून पखिली ओळीकडं पाठ करायची. आतले लोक तिच्या पाठीकडं बघत आशीर्वाद घ्यायचे. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर लोकांना ते अवघड वाटू लागलं, एका म्हातारीनं तर शराई उचलायच्या आधीच डोळे पुसले. पण कलम कुणी मोडलं नाही. ज्याला वाईट वाटतं त्यानं पुढं यावं, असं गावात सहसा होत नाही.

दुपार कलताना हुसरी चेतियांच्या अंगणात आली.

अंगण शेणानं सारवलेलं होतं. ओसरीवर बंदिता वेताच्या मुढ्यावर बसली होती, दोन्ही हात पोटावर. तरुलता नवं पाट रेशमाचं वस्त्र नेसून, शराईत तामूल-पान, वर मानाचा पंचा म्हणून फुलं काढलेला गामोसा ठेवून तयार उभी होती. ओळ नाचली. खरं सांगायचं तर अशी हुसरी नहरबारीत पंधरा-वीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. एक पाय दुसरीकडं पडला नाही. तरुलताचे डोळे भरून आले, आणि तिला पखिलीचाही क्षणभर विसर पडला.

ढोल थांबले. पखिलीनं मालोतीचा हात सोडला आणि ती फाटकाबाहेर गेली.

तरुलता ओळीपुढं गुडघ्यावर बसली, शराई जमिनीवर ठेवून डोकं टेकलं. तिच्या बाजूला बंदिताला धरून आणून बसवलं. तिलेश्वर खुरानं हात वर केला, आणि तो तसाच राहिला.

"गरोदर सून आहे," तो म्हणाला. "पहिलं तामूल ओळीतल्या पहिल्या मुलीनं उचलायचं आणि सुनेच्या ओटीत घालायचं. मग आशीर्वाद."

हे तरुलताला माहीत नव्हतं असं नाही. ती स्वतः कितीतरी वर्षं ओळीत पहिली होती, कितीतरी ओट्यांत तिनं तामूल घातलं होतं. पण तो रिवाज पखिलीशी जोडून बघायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. तिच्या मनात पखिली पहिली नव्हतीच.

"मालोती, ये पुढं," ती म्हणाली.

मालोती पुढं आली, वाकली, आणि तामूल उचलणार तोच बंदितानं शराईवर हात ठेवला.

"ही दुसरी आहे," ती म्हणाली. "पहिली बाहेर उभी आहे."

"बंदिता, हात काढ."

"मा, दोनदा झालंय माझं. तिसऱ्यांदा मला अर्धामुर्धा आशीर्वाद नको."

तरुलतानं नवऱ्याकडं पाहिलं. गावबुढा आपल्या चपलेकडं बघत होता. मग तिनं फाटकाकडं पाहिलं. पखिली आता वळून आत बघत होती.

"तूच शिकवलंस का हिला हे?" तरुलता तिच्यावर ओरडली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती तिच्याशी बोलत होती.

"नाही, खुरी. रिवाज तुमचा आहे." पखिलीनं फाटकाची दांडी धरली. "बोलावलंत तर येईन. पण आज दिवसभर मी पाठ करून उभी आहे. आता नुसती खूण करून नाही येणार. डंबरू कोंवरची मुलगी ये म्हणून, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलवा."

"तुझी जीभ झडो."

"बरं," पखिली म्हणाली, आणि तिनं पुन्हा पाठ केली.

तरुलताच्या जिभेवर ते नाव यायला तयार नव्हतं. तिला समोर सून दिसत होती, सुनेचं पोट दिसत होतं, आणि तरीही कोठडीतून बाहेर येणारा दुलू दिसत होता, फाटक्या ओठाचा, मान खाली घातलेला. ती तोंड उघडायची आणि मिटायची. एवढं साधं वाक्य, आणि ते तिला जमेना.

बंदिता उठली. कुणाचा आधार न घेता, जमिनीला हात टेकून उठली. शराई उचलून ती ओळीच्या मधून चालत गेली, आणि ओळीनं तिला वाट दिली. फाटकाशी तिनं गुडघे टेकले. एवढं पोट घेऊन बसताना तिचा तोल गेला, तर पखिलीनंच तिला खांद्याला धरलं.

"डंबरू कोंवरची मुलगी," बंदिता म्हणाली, "माझ्या घरचं तामूल घे."

पखिलीनं तामूल उचललं आणि तिच्या ओटीत घातलं. तिलेश्वर खुरानं काय करावं? तो ढोल गळ्यात तसाच ठेवून फाटकाशी गेला आणि त्यानं तिथंच आशीर्वाद दिला, पोर सुखरूप येवो, घर भरो, आणि सगळ्या ओळीनं जय म्हटलं. आशीर्वाद पुरा झाला, आणि त्याच क्षणी चेतियांचं घर वाळीत पडलं.

हे कुणी बोलून दाखवलं नाही. पण हुसरी पुढच्या घरी गेली तेव्हा शेजारणी, ज्या तांदळाचा पिठा खायला थांबणार होत्या, त्या थांबल्या नाहीत. लाडवांचं ताट तसंच राहिलं. संध्याकाळी बीणा बाइदेउ आपली पिशवी घेऊन शाळेच्या मास्तरणीकडं मुक्कामाला गेल्या. जाताना तरुलताला म्हणाल्या, "तुमच्याकडं राहिले तर उद्या माझ्या मुलींना इथली माणसं अंगणात घेणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. जेवण छान होतं."

दोन दिवसांनी नामघरात गाव बसलं. गावबुढ्यालाच खाली बसावं लागलं, त्याच्या जागी दुसरा म्हातारा बसला. कलमात फट सापडते का म्हणून लोकांनी बरीच डोकी खाजवली, पण कलम तरुलतानंच इतकं पक्कं करून घेतलं होतं, की त्यातून मुंगी जाणार नव्हती. शेवटी एवढंच निघालं: मूळ घर सुटलं तर हेही सुटेल. डंबरूनं शराई घेऊन नामघरात यावं, ठाण्यात गेलो ही चूक झाली म्हणावं आणि डोकं टेकावं.

त्याला हे सांगायला कोण जाणार? ज्याला सुटायचं आहे तो.

तरुलता भर सकाळी डंबरूच्या फाटकाशी गेली. तो अंगणात बसून मासे धरायचा बांबूचा सापळा विणत होता. त्याची बायको धान पाखडत होती. पखिली घरात नव्हती, किंवा बाहेर आली नाही.

"बौ," डंबरू पूर्वीसारखी वहिनी म्हणून हाक मारत म्हणाला, पण उठला नाही. "बसा म्हटलं असतं, पण तुम्हालाच दोष लागेल." मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे हो. आता लागणार नाही. बसा."

तरुलता उभीच राहिली. तिनं गावाचा निरोप सांगितला, शक्य तितक्या कोरड्या आवाजात. एकदा वाकलं की दोन्ही घरं सुटतील, हे तिनं दोनदा सांगितलं.

"आई गेली तेव्हा तुमच्या घरावरूनच नेली," डंबरू म्हणाला. त्याचे हात विणतच होते. "मी, माझा मेहुणा आणि पखिली. चौथा खांदा नव्हता. पोरीच्या खांद्यावर आजी. तुम्ही खिडकीत होता."

तरुलतानं हात पदरात घेतले.

"मी म्हटलं, तरुबौ बघतायत, आता दादाला हाक मारतील. तुम्ही खिडकी लावलीत."

"सुनेचे दिवस भरत आलेत, डंबरू. गावातली एक बाई आत पाऊल टाकायला तयार नाही. सुईणसुद्धा नाही म्हणाली."

"ठाऊक आहे."

"तिनं तुझ्या पोरीला तामूल दिलं."

"ती चांगली आहे. तिच्यावर माझा राग नाही." त्यानं सापळा बाजूला ठेवला. "नामघरात मी वाकणार नाही. आधी वाकलो असतो, आता तिथं माझं काही राहिलेलं नाही. तुम्ही राहून बघा वाळीत. पहिलं वर्ष जड जातं, मग माणूस शिकतं."

त्याच्या बायकोनं सूप खाली ठेवलं. ती आत गेली आणि एका साध्या कांस्याच्या ताटलीत तामूल-पान घेऊन बाहेर आली, आणि ती तिनं जमिनीवर न ठेवता हातानंच तरुलतापुढं केली.

"बाळंतपणाला मी येईन," ती म्हणाली. "माझी सासू सुईणपण करायची, मी तिच्या हाताखाली शिकले आहे. पण उसनं माणूस म्हणून नाही येणार. हे घ्या, इथं बसून चघळा, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असं. मग येईन."

तरुलतानं त्या ताटलीकडं पाहिलं. हात पुढं करायला काय लागतं? काहीच लागत नाही. पण रस्त्यावरून मालोतीची आई माशांची टोपली घेऊन चालली होती आणि मान वळवून बघत होती, आणि तरुलताचा हात पदरातून निघालाच नाही. ती वळली आणि फाटकाबाहेर पडली. मागून कुणी हाक मारली नाही.

घरी आली तेव्हा बंदिता ओसरीवर तशीच बसली होती, पाय सुजलेले, तळहात पोटावर.

"काय म्हणाला?"

"वाकणार नाही म्हणाला."

"आणि त्याची बायको?"

तरुलतानं तामुलाचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सुनेच्या नजरेपुढं तिला खोटं सुचलं नाही.

"घेतलंत?"

"नाही."

शराईवर हात ठेवला तो दिवस सोडला, तर बंदिता कधी सासूला उलट शब्द बोलली नव्हती.

"मग परत जा," ती म्हणाली. "मला बाई लागणार आहे, आणि गावात आपल्यासाठी आता तेवढं एकच घर उरलंय. पाया पडावं लागलं तर पडा. तामूल तोंडात ठेवूनच घरी या, नाही तर येऊ नका."

तरुलतानं चपला अजून काढल्या नव्हत्या. ती थोडा वेळ अंगणात उभी राहिली, आणि मग डंबरूच्या घराकडं चालू लागली.